तीन वयांची मुलं आणि एक बोट

क्रूझला जायचं ठरवून कुणी मला फोन केला, की पहिला प्रश्न ठरलेला: "कुठली बोट चांगली?" मी उलट विचारते, "तुमचं धाकटं दुपारी किती वाजता झोपतं?" पलीकडे दोन क्षण शांतता. त्यांना वाटतं मी विषय बदलतेय. पण सहलीचा निकाल त्या झोपेवर लागतो, बोटीच्या नावावर नाही.

आमच्या घरात तेव्हा मोठी पंधराची, मधला नऊचा, धाकटी तीनची आणि सासूबाई सत्तरीपुढच्या. राहणं फोंड्याला. मुंबईहून बसून मुरगावला उतरलो. त्याआधी मीही सगळ्यांसारखी जाहिरातीतली तळ्याची निळाई बघत बसले होते. पुढचं सगळं त्यानंतर सुचलेलं आहे, आणि बरंचसं चुका करून.

आधी वयं लिहून काढा

एक कागद घ्या. प्रत्येक मुलाचं वय लिहा, पण आजचं नाही, बोट सुटण्याच्या तारखेचं. बोटीवरचे नियम त्या तारखेला किती महिने, किती वर्षं पूर्ण झाली ते बघतात. "पुढच्या महिन्यात तीनची होईल" हे तिथे चालत नाही.

बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला बोटीवर घेत नाहीत, आणि लांब समुद्रसफरीसाठी ही मर्यादा एक वर्षाची असते. घरात कुणी गरोदर असेल तर प्रवास संपेपर्यंत चोवीस आठवडे पूर्ण होणार नाहीत ना, तेही मोजा. मुलांचा क्लब, म्हणजे जिथे मुलं सोडून आईबाप तासभर मोकळे होतात, तो सर्वसाधारणपणे तीन वर्षांपासून पुढे, आणि मूल डायपरमधून बाहेर आलेलं असेल तरच. अडीच वर्षांचं मूल घेऊन जाणारे हे विसरतात आणि मग चार दिवस पाळीपाळीने पहारा देतात. डायपर लावलेल्या मुलाला बऱ्याच बोटींच्या तलावात उतरू देत नाहीत, पाण्यात घालायचा खास डायपर असला तरी नाही. त्याच्यासाठी वेगळं उथळ पाणी किंवा कारंजं आहे का, ते आधीच विचारून घ्या.

बारा-तेराच्या पुढच्यांचा गट वेगळा असतो. तुमच्या मोठ्याला बारा पूर्ण व्हायला महिना कमी असेल, तर त्याची गाठ सात-आठ वर्षांच्या मुलांशी पडेल आणि त्याचं तोंड तीन दिवस वाकडं राहील. जमत असेल तर सहल महिनाभर पुढे ढकला. चढायची भिंत, पाण्याची घसरगुंडी यांना वयापेक्षा उंचीची अट असते. मधल्याला घरीच भिंतीशी उभं करून मोजा, म्हणजे तिथे रांगेच्या टोकाला रडारड नको.

मग मांडवी नदीवर रंगीत तालीम

गोव्यात राहणाऱ्याला ही सोय फुकटात आहे आणि कुणी वापरत नाही. रायबंदरच्या धक्क्यावर जा, चोडणची फेरीबोट पकडा. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. पाच-दहा मिनिटांत पलीकडे, समोर सालिम अली पक्षी अभयारण्याची खारफुटी. धाकटं इंजिनाच्या घरघरीला घाबरतं का, मधला कठड्यावर चढतो का, मोठी फोनमधून मान वर काढते का, हे एका फेरीत कळतं.

ते जमलं की पणजीच्या सांता मोनिका जेटीवरून सुटणारी संध्याकाळची तासाभराची सफर करा. वर गाणी आणि देखणी, फुगडी, कोरेदिन्य असे गोव्याचे नाच असतात, आवाज मोठा असतो. मोठ्या बोटीवरही संध्याकाळ अशीच मोठ्या आवाजाची असते, त्यामुळे तालीम बरोबर त्याच गोष्टीची होते. आमची धाकटी पहिल्या ढोलालाच कानावर हात ठेवून माझ्या पदरात शिरली. त्या दिवसापासून तिचे कान झाकणारे मऊ हेडफोन सामानाच्या यादीत पहिले.

मुलं कसिनोच्या बोटी दाखवून "तिथे जाऊया" म्हणतील. तिथे एकवीस वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, एवढं सांगितलं की विषय मिटतो. निदान सहा वर्षांसाठी.

नदी आणि समुद्र एक नव्हेत, हे मला ठाऊक आहे. मांडवीत कुणाला बोट लागली नाही म्हणजे अरबी समुद्रात लागणार नाही असं नाही. पण मांडवीतच लागली, तर मात्र पुढचं सगळं नियोजन त्या हिशेबाने करा.

केव्हा जायचं

आपल्या किनाऱ्यावर क्रूझचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, चतुर्थीच्या सुट्टीत जायचा विचार सोडून द्या. मुलं घेऊन पहिल्यांदाच जाणाऱ्यांना मी नोव्हेंबर ते फेब्रुवारी सांगते. समुद्र शांत, डेकवर ऊन सोसवतं. मे महिन्यात सुट्टी असते खरी, पण दुपारी बाराला लोखंडी डेकवर तीन वर्षांचं मूल अनवाणी धावलं की काय होतं ते मला सांगायला लावू नका. नाताळात सगळंच महाग आणि सगळंच भरलेलं. त्यापेक्षा दिवाळीच्या सुट्टीचा शेवटचा आठवडा बरा.

कुठून, किती रात्री

आपल्याकडे सध्या देशांतर्गत क्रूझ म्हणजे बहुतांशी कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस'. २०२१ पासून ती मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करते. बोट मूळची १९९० सालची, तेव्हाचं नाव 'नॉर्डिक एम्प्रेस'. लांबी दोनशे दहा मीटरच्या आसपास, अकरा मजले. परदेशातल्या आजच्या अवाढव्य बोटींच्या चित्रफिती बघून जाल तर ती लहान वाटेल. मला मात्र लहान बोट मुलांसाठी बरीच वाटते. पंधरा वर्षांच्या मुलीला एकटं फिरू द्यायचं, तर बोट एवढीच असावी की पंधरा मिनिटांत ती सापडेल.

पहिल्यांदा दोन किंवा तीन रात्री. एका रात्रीत बोट कळायच्या आत उतरायची वेळ येते, आणि पाच रात्री मुलांना आवडेल की नाही हे माहीत नसताना घेणं म्हणजे जुगार. लक्षद्वीप सुंदर आहे, पण तिथे जायला भारतीयांनाही परवाना लागतो आणि मोठी बोट लांब नांगर टाकते. तिथून छोट्या बोटीत उतरून किनाऱ्याला जावं लागतं. कडेवर मूल, पायाखाली हलणारी फळी, दुसऱ्या हाताला आजी. धाकटं पाच-सहाचं होईपर्यंत मी ते मागे ठेवेन.

आता गोवेकरांसाठी माझं ठाम मत. बोटीने मुंबईला जाऊ नका, बोटीने घरी या. एकेरी तिकीट सगळ्याच फेऱ्यांना नसतं, तारखेप्रमाणे बदलतं, पण मिळालं तर मुंबई ते मुरगाव घ्या. जाताना मडगाव, करमळी किंवा थिवीहून रेल्वे. मुलं ताजी असतात आणि बोगदे मोजण्यात वेळ जातो. बोगदे मोजायला पेडण्यापासून सुरुवात करा. येताना थकलेली मुलं, मळके कपडे आणि दुप्पट झालेलं सामान बोटीवर आपोआप वाहून येतं, आणि मुरगावला उतरलात की तासाभरात घरची आमटी.

मुंबईला मात्र आदल्या दिवशी पोचा. कोकणकन्येने पहाटे पोचून दुपारी बोट पकडू, असा हिशेब कागदावर छान दिसतो. पण दरड कोसळली, गाडी चार तास उशिरा आली, तर बोट थांबत नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रकच चालू असतं. बॅलार्ड पिअरचं नवीन क्रूझ टर्मिनल सीएसएमटीपासून जवळ आहे. त्याच भागात एक रात्र काढा, मुलांना झोपू द्या.

सासूबाईंना या सगळ्याचं हसू येत होतं. त्यांच्या लहानपणी मुंबईला जायचं म्हणजे आगबोटच. डेकवर चटई टाकायची, डब्यातली पोळी-भाजी खायची, शेजारच्या कुटुंबाशी वेंगुर्ल्यापर्यंत सोयरीक जुळायची. मधल्या काही बंदरांत बोट धक्क्याला लागायचीच नाही, लोक पडावातून चढायचे-उतरायचे. "आम्हांला कोण विचारत होतं, बाल्कनी हवी की खिडकी?" त्या म्हणाल्या. त्यांना खिडकी दिली.

केबिन: इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. पैसे इथेच जातात आणि झोपही इथेच जाते.

केबिन ढोबळमानाने तीन तऱ्हेच्या: आतली बिनखिडकीची, खिडकीची, बाल्कनीची. बिनखिडकीची स्वस्त असते आणि तिची एक खुबी कुणी सांगत नाही. दिवा घालवला की भर दुपारी मिट्ट काळोख. दुपारी झोपणाऱ्या मुलासाठी याहून चांगली खोली नाही. पण सकाळ झाली हे कळत नाही, म्हणून घड्याळ आणि छोटा रात्रदिवा हवा. बाल्कनी धाकट्यासाठी मला नको वाटते. कठडे उंच आणि पक्के असतात, पण खुर्ची ओढून त्यावर चढणारी मुलं आपण घरी पाहिलेली आहेत. घेतलीच तर खुर्च्या आत, दाराला वरची कडी, आणि मोठं माणूस असल्याशिवाय दार उघडायचं नाही, हा नियम पहिल्या तासात सांगायचा.

पाच माणसं एका केबिनमध्ये मावत नाहीत. चारांची केबिन म्हणजे बऱ्याचदा खाली दोन आणि भिंतीतून उघडणारे वर दोन बिछाने, ट्रेनच्या बर्थसारखे. वरच्या बिछान्यावर लहान मुलांना झोपवत नाहीत. दोन केबिन घेणार असाल तर 'शेजारी' आणि 'जोडलेली' यांतला फरक विचारून घ्या. शेजारच्या केबिनचं दार बाहेरच्या वाटेवरच उघडतं, जोडलेल्या केबिनना आतून एकमेकींत दार असतं. आरक्षण करणारा "हो हो, जवळजवळच आहेत" म्हणतो, त्यावर जाऊ नका. केबिनचे नंबर घ्या आणि बोटीच्या नकाशात स्वतः बघा.

नकाशा बघतानाच आणखी दोन गोष्टी. बोट टोकांना जास्त हलते आणि वरच्या मजल्यांवर जास्त झुलते. मधोमध आणि खालच्या मजल्यावरची केबिन सर्वांत स्थिर, आणि बहुधा स्वस्तही. दुसरं म्हणजे तुमच्या डोक्यावर काय आहे ते बघा. वर नाचगाण्याचा हॉल किंवा तलावाचा डेक असेल तर रात्री बाराला खुर्च्या सरकवल्याचे आवाज येतील. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर उत्तम.

कोण कुणाबरोबर झोपणार हे घरीच ठरवा. आम्ही मोठीला आजीबरोबर ठेवलं. दोघींनाही ते पसंत नव्हतं. तिसऱ्या रात्री दोघी साडेबारापर्यंत जाग्या, आजी रत्नागिरीच्या बंदरातल्या कुठल्याशा भांडणाची गोष्ट सांगतेय आणि ही ऐकतेय. हे नियोजनात नव्हतं, त्याचं श्रेय मी घेत नाही.

पाळण्यासारखी छोटी खाट हवी असेल तर आरक्षणाच्या वेळीच मागा, बोटीवर पोचून नाही. आणि खाट मांडल्यावर बाथरूमच्या दाराशी जायला वाट उरते का, हेही विचारा.

पैशाचा हिशेब

जाहिरातीतला दर एका माणसाचा असतो आणि तोही एका केबिनमध्ये दोघं राहतील असं धरून. तिसऱ्या-चौथ्याला कमी पडतं, कधी लहानांना सवलत असते. त्यावर बंदर शुल्क, जीएसटी, सेवा करणाऱ्यांची बक्षिशी. जेवण धरलेलं असतं, पण सगळीकडचं नाही. खास हॉटेलं, थंड पेयं, वायफाय, किनाऱ्यावरची सहल हे बहुतेक वेगळं. बोटीवर रोख चालत नाही, सगळं कार्डावर चढतं, आणि मुलांच्या कार्डावरही चढतं. मधल्याने दोन दिवसांत किती मिल्कशेक प्यायले ते मला उतरताना कळलं. पहिल्याच दिवशी काउंटरवर जाऊन मुलांच्या कार्डाची खरेदी बंद करता येते किंवा मर्यादा घालता येते. रद्द केल्यास किती पैसे कापतात ते वाचा. मुलं असतात तिथे ऐन वेळी ताप असतोच.

कागदपत्रं

देशातल्या देशात जाणार असाल तर मोठ्यांची सरकारी ओळखपत्रं, मुलांचं आधार आणि जन्मदाखला. तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. आमच्याकडे सासरचं-माहेरचं, वडिलांचं नाव आहे-नाही हा घोळ प्रत्येक घरात असतो, तो तिकीट काढण्याआधी सोडवा.

सिंगापूरसारख्या ठिकाणाहून बोट पकडायची असेल तर प्रत्येक मुलाला स्वतःचा पासपोर्ट. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो आणि बऱ्याच देशांना तो पुढचे सहा महिने वैध असावा लागतो, म्हणून आधी त्याची तारीख बघा. बोट वाटेत ज्या देशांत थांबते त्यांचे व्हिसाचे नियमही वेगळे बघावे लागतात. आई किंवा बाबा एकटेच मुलांना नेत असतील तर दुसऱ्याचं संमतिपत्र जवळ ठेवा.

सामान: मोठी पिशवी आणि हातातली पिशवी

बंदरात मोठ्या बॅगा तुमच्याकडून घेतात आणि त्या केबिनशी पोचायला काही तास जातात. तोवर मुलांना समोर तलाव दिसत असतो. म्हणून पोहण्याचे कपडे, टोपी, औषधं, डायपर, एक बदली कपड्यांचा जोड आणि सगळे कागद हातातल्या पिशवीत.

इस्त्री, किटली, शेगडी चालत नाही, आगीच्या भीतीने. घरून शिजवलेला डबा बहुतेक बोटींवर आत सोडत नाहीत; बंद पाकिटातला सुका खाऊ सहसा चालतो, तरी विचारा. बाळाची पेज, गुरगुट्या भात यांची चिंता करू नका, भटारखान्यात सांगितलं की मऊ भात-वरण करून देतात. जैन किंवा शाकाहारी जेवण आरक्षणातच नोंदवा. आपल्याला शीत-कढीची सवय, तिथे सगळ्या देशांचं थोडं थोडं. दुसऱ्या दिवशी मुलं दहीभात शोधतात, तो मिळतो.

सासूबाईंची गोळ्यांची पेटी दुप्पट दिवसांची भरून घ्या. बोटीवर डॉक्टर असतो, पण तो महाग असतो.

बोट लागणं

डोळे सांगतात खोली स्थिर आहे, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण हलतोय. या दोघांच्या भांडणात पोट ढवळतं. दोन वर्षांखालच्या मुलांना सहसा बोट लागत नाही. दोन ते बारा हा खरा त्रासाचा काळ, म्हणजे आमचा मधला. गाडी लागणारं मूल असेल तर बोट लागेल असंच धरून चाला.

गोळी घ्यायची तर बोट सुटण्याआधी, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. डोस वजनावर ठरतो, म्हणून मुलांच्या डॉक्टरांना विचारूनच. आपल्या घरात सर्रास असणारी प्रोमेथाझिनची गोळी दोन वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत. काही मुलं अशा गोळीने झोपण्याऐवजी उलट जास्तच उसळतात, तेव्हा घरी एकदा करून बघायची का, हेही डॉक्टरांनाच विचारा.

बाकी आजीचे उपाय: आलेपाक, आवळा सुपारी, थोडं कोरडं खाणं. पोट रिकामं ठेवू नका, ठासूनही भरू नका. फोन आणि पुस्तक खाली, डेकवर मोकळ्या हवेत, नजर क्षितिजावर. मधल्याला आम्ही काम दिलं: सूर्य कुठल्या बाजूला आहे, त्यावरून बोट कुठे चाललीय ते दर अर्ध्या तासाने सांगायचं. त्याला बोट लागली नाही. कामाने की आलेपाकाने, देव जाणे.

पहिले तीन तास

चढल्याबरोबर खाणं नंतर, आधी केबिन ते क्लब, केबिन ते जेवणाचा हॉल या वाटा मुलांबरोबर चालून बघा. सगळे मजले सारखेच दिसतात, म्हणून धाकटीसाठी केबिनच्या दारावर चुंबकाने एक चित्र लावलं. आमच्याकडे मासा होता. ती दोन दिवस "माशाच्या घरी" जात होती.

मग सुरक्षेची कवायत. सात छोटे आणि एक लांब भोंगा झाला, की आपापल्या ठरलेल्या जागी जायचं. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याशी 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' आडवी झाली, तेव्हा नुकत्याच चढलेल्या कित्येक प्रवाशांची कवायत झालीच नव्हती, कारण चोवीस तासांत कधीही घेण्याची मुभा होती. त्यानंतर नियम बदलला: २०१५ पासून बोट निघण्यापूर्वी किंवा निघताच ती घ्यावी लागते. त्यामुळे ती कंटाळवाणी वाटली तरी टाळू नका. लहान मुलांची जीवरक्षक जाकिटं वेगळ्या मापाची असतात. केबिनमध्ये ती दिसली नाहीत तर तिथल्या तिथे मागून घ्या आणि एकदा घालून बघा. भोंग्याच्या आवाजाची कल्पना धाकट्याला आधी द्या. क्लबमध्ये असताना भोंगा झाला तर मुलांना कोण, कुठे आणणार, हे तिथल्या ताईला विचारा.

दिवस वाटून घ्या

इथे बहुतेक घरं चुकतात. सगळ्यांनी सगळं एकत्र करायचं, म्हणजे तीन वर्षांच्या झोपेसाठी पंधरा वर्षांची केबिनमध्ये बसणार आणि पंधरा वर्षांच्या कार्यक्रमासाठी तीन वर्षांची रात्री अकराला किंचाळणार. आम्ही एकच गोष्ट पक्की केली: रात्रीचं जेवण एकत्र, लवकरच्या पाळीला. बाकी दिवस ज्याचा त्याचा.

धाकटी सकाळी सातला तलावावर, गर्दी नसताना. दुपारी एक ते तीन काळोख्या केबिनमध्ये झोप, आणि तेवढा वेळ आई-बाबांपैकी एक मोकळा. मधला क्लबमध्ये, पण पहिल्या सत्राला मूल रडलं तर ताणू नका, दुसऱ्या दिवशी स्वतः जातं. त्याच्या वहीत आम्ही प्रश्न घातले होते. बोटीचा वेग नॉटमध्ये सांगतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, तर आपण किती वेगाने चाललोय? रात्री डाव्या बाजूला लाल दिवा, उजव्या बाजूला हिरवा. मग समोरून येणाऱ्या बोटीचे दोन्ही दिसले तर ती कुठे चाललीय? या दुसऱ्या प्रश्नाने त्याचे बाबाही पाऊण तास गप्प बसले.

मोठीला मोकळीक द्या, पण चार अटींवर. दर दोन तासांनी ठरलेल्या जागी तोंड दाखवायचं. कुणाच्याही केबिनमध्ये जायचं नाही, कुणाला आपल्या केबिनमध्ये आणायचं नाही. रात्री अकराला परत. कठड्यावर बसून फोटो नाही. फोनवर भिस्त ठेवू नका. किनारा सुटला की नेटवर्क जातं. आणि बोटीवरचं समुद्री रोमिंग चुकून पकडलं गेलं तर बिल बघून चक्कर येते, म्हणून सगळ्यांचे फोन निघतानाच विमान मोडवर. गाणी, सिनेमे घरीच उतरवून घ्या. निरोप द्यायला आम्ही केबिनच्या आरशावर चिठ्ठ्या चिकटवल्या. "मी ७व्या मजल्यावर. भूक लागली तर येईन." एरवी एवढं सांगायलाही तिला वेळ नसतो.

मुंबई-पुण्याहून आपल्याकडे येणाऱ्यांना

बोट मुरगावला लागते, म्हणजे वास्कोत. हातात सहा-आठ तास असतात आणि पाहुण्यांना कळंगुट, जुनं गोवं, मंगेशी, दूधसागर सगळं हवं असतं. एकच निवडा. धाकटं बरोबर असेल तर बोगमाळोचा किनारा, आणि वाटेतच नौदलाचं विमान संग्रहालय. अंगणात उभी असलेली जुनी विमानं नऊ वर्षांच्या मुलाला पुरतात. सोमवारी ते बंद असतं. मोठी मुलं असतील तर जुनं गोवं, जुवारीचा नवा पूल ओलांडून तासभर. टॅक्सीचं भाडं आणि परतीची वेळ बसण्याआधी ठरवा. बोटीवर परतण्याची जी वेळ सांगितलेली असेल, त्याच्या एक तास आधी धक्क्यावर हजर राहा. फोंड्याहून येणारा तुमचा काका "अजून जेवून जा" म्हणणारच. जेवू नका.

शेवटची रात्र

उतरायच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनच्या दाराबाहेर ठेवायला सांगतात. त्या रात्रीतून नेतात आणि थेट बंदरात मिळतात. म्हणून बॅग बंद करण्याआधी प्रत्येकाचे सकाळचे कपडे आणि चपला खाटेवर काढून ठेवा आणि मोजा. मी बाकी सगळ्यांचे काढले. मधल्याने स्वतःचं स्वतः भरलं होतं, शहाण्यासारखं, घडी घालून, एकूण एक. मुरगावच्या धक्क्यावर तो डायनोसॉरच्या झोपेच्या विजारीत आणि आजीच्या शालीत उतरला, आणि घ्यायला आलेल्या मामाने पहिला फोटो त्याचाच काढला.